विषय क्रमांक १७ : बंदरावरील १४ गुंठे जागेच्या विक्रीचा ठराव

महाराष्ट्रातील नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या, तेव्हा त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी जवळपास चार वर्षे प्रशासकांचा कारभार चालू होता. एवढ्या खंडानंतर सभागृहात आलेल्या सदस्यांपैकी अनेकांनी विषयपत्रिका प्रथमच हातात घेतली, आणि गटारसफाईच्या निविदेपासून भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणापर्यंतचे वीस-पंचवीस विषय एका दुपारी निकाली निघताना पाहिले. अशा सदस्यांपुढे ठेवण्यासाठी हे प्रकरण मांडले आहे. दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावरील एक ‘क’ वर्ग, म्हणजे लहान, नगरपरिषद, खाडीच्या तोंडाशी असलेली तिच्या मालकीची १४ गुंठे जागा आणि ती जागा विकण्याचा एक ठराव एवढाच त्याचा विषय आहे. गाव, व्यक्ती, घटनाक्रम आणि रकमा अभ्यासासाठी रचल्या आहेत. कायदे, नियम, अधिसूचना आणि न्यायालयीन निर्णय मात्र जसे आहेत तसेच घेतले आहेत.

जागा आणि गाव

आगबोटींची वाहतूक चालू होती तोवर हे गाव बंदराचे होते. वाहतूक आधी रस्त्यावर गेली, मग १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. महामार्ग आणि रेल्वे दोन्ही गावापासून बरेच आत, पूर्वेकडून गेल्यामुळे बंदराकडची वखारी, गोदामे आणि माल उतरवण्याच्या जागा हळूहळू ओस पडल्या. नगरपरिषदेचे एक जुने कौलारू गोदाम आणि त्याला लागून असलेली मोकळी जागा त्यांपैकीच होती. खाडीरस्त्याच्या पश्चिमेला, म्हणजे पाण्याच्या बाजूला, ही जागा आहे. तिच्या आणि पाण्याच्या मध्ये ते गोदाम उभे आहे. रस्त्यापलीकडे, पूर्वेला, अलीकडच्या काळात पर्यटकांसाठी बांधलेले एक लॉजिंग आहे, आणि जागा विकत मागणारा अर्ज त्याच लॉजिंगच्या मालकाचा होता.

अर्ज आला तेव्हा नगरपरिषद अडचणीत होती, ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी राज्य शासनाचे सहायक अनुदान आले. त्या अनुदानाचा मोठा भाग पगारात जातो. वित्त आयोगाच्या निधीचा बराच हिस्सा पिण्याचे पाणी आणि घनकचरा यांसाठी बांधलेला असतो. हाती मोकळा पैसा म्हणून उरते ती घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी आणि गाळ्यांचे भाडे. या गावाला नळपाणी योजनेची जुनी वाहिनी बदलायची होती, आणि त्या योजनेत नगरपरिषदेने भरावयाच्या स्वहिश्श्यात ४६ लाख रुपये कमी पडत होते. एप्रिल-मे महिन्यांत दिवसाआड पाणी घेणाऱ्या वॉर्डांतील सदस्यांच्या दृष्टीने ही तूट म्हणजे केवळ हिशेबातील आकडा नव्हता. विक्रीचा ठराव ज्यांनी मांडला त्यांच्या हेतूविषयी या प्रकरणात कोठेही शंका घेतलेली नाही, आणि तशी घेण्याचे कारणही दिसत नाही.

सभा

सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर २३ विषय होते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, पावसाळ्यापूर्वीच्या गटारसफाईची निविदा, पथदीपांची देखभाल, मच्छी मार्केटच्या बाजार फी वसुलीचा लिलाव, गणपती विसर्जनाच्या धक्क्यावर पायऱ्या बांधणे, घंटागाडीच्या चालकांना मुदतवाढ अशा विषयांच्या ओळीत सतरावा विषय होता : ‘नगरपरिषद मालकीच्या जागेबाबत प्राप्त झालेल्या अर्जाचा विचार करून निर्णय घेणे.’

या वाक्यात जागा कोणती, किती, कोणी मागितली आणि कशासाठी मागितली यांपैकी काहीही नाही. ‘विक्री’ हा शब्दही नाही. सभेची नोटीस विहित मुदतीत निघाली होती आणि विषयपत्रिका सर्वांना पोचली होती, म्हणून वरवर पाहता त्रुटी काढण्याजोगे काही नव्हते. परंतु विषयपत्रिका सदस्यांना आधी का द्यावयाची, तर त्यांनी वॉर्डात जाऊन विचारावे, कागद पाहावेत आणि मत बनवून यावे यासाठी. ज्या मथळ्यावरून विषयच कळत नाही तो वेळेवर पोचूनही उपयोगी पडत नाही. विषयासोबत अर्धे पान टिपणी होती. तीत सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, ‘जागा रिकामी असून नगरपरिषदेच्या वापरात नाही’ असा स्थळपाहणीचा निष्कर्ष, आणि वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार काढलेली किंमत एवढे दिले होते. प्रति चौरस मीटर ३,८०० रुपये दर आणि सुमारे १,४०० चौरस मीटर क्षेत्र धरून ती किंमत ५३ लाख २० हजार रुपये झाली होती. पाणीयोजनेतील तूट त्यातून भागून वर सात लाख उरत होते, आणि हा मेळ सभागृहाला पटला.

एका सदस्याने लिलाव का नको असे विचारले. अर्जदार लगतचा मालक असल्याने त्यालाच जागेचा उपयोग आहे आणि सरकारी दराने पूर्ण किंमत मिळत आहे, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या सदस्याने पावसाळ्यात तेथे होड्या असतात, असे सांगितले. इतिवृत्तात त्याची नोंद ‘चर्चा झाली’ या दोन शब्दांत आहे. मतदान झाले तेव्हा सभागृहात मताधिकार असलेले १६ जण उपस्थित होते. ठरावाच्या बाजूने ११ आणि विरोधात ५ मते पडली. पीठासनावरून ठराव दोन-तृतीयांशापेक्षा अधिक बहुमताने मंजूर झाल्याचे जाहीर करण्यात आले आणि सभा अठराव्या विषयाकडे वळली. पुढचे विषय सायंकाळपर्यंत संपले.

११ मते कोठे कमी पडली

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याचे कलम ९२ नगरपरिषदेच्या स्थावर मालमत्तेच्या हस्तांतराविषयी आहे. राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय नगरपरिषदेला आपली स्थावर मालमत्ता हस्तांतरित करता येत नाही. मंजुरीच्या प्रस्तावासोबत जो ठराव जोडायचा तो सभेत एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन-तृतीयांश बहुमताने झालेला असावा लागतो, आणि प्रस्ताव शासनाने केलेल्या नियमांशी विसंगत असता कामा नये. ते नियम म्हणजे स्थावर मालमत्ता हस्तांतराचे १९८३ चे नियम.

१६ उपस्थितांपैकी ११ मते दोन-तृतीयांशापेक्षा जास्त होतात हे खरे. कायद्यात मात्र मोजणी उपस्थितांवर नाही, एकूण सदस्यांवर आहे. ‘क’ वर्ग नगरपरिषदेत निवडून आलेले सदस्य किमान २० असतात. थेट जनतेतून निवडून आलेले अध्यक्ष त्यात मिळवले तर संख्या २१ होते. वीस धरले काय किंवा एकवीस धरले काय, किमान १४ मते लागतात. नामनिर्देशित सदस्यांना मताधिकार नसतो, पण एकूण संख्येत त्यांना मोजावे असे कोणी म्हटले तर आवश्यक मते आणखी वाढतात. कोणत्याही हिशेबाने ११ पुरत नाहीत.

ही चूक किरकोळ समजून पुढील सभेत आणखी तीन हात वर करवून घेतले की झाले, असे काही सदस्यांना वाटले. तसे वाटणे समजण्यासारखे आहे, पण कायद्याने ही अट का घातली याचा विचार केला की ते मत टिकत नाही. नगरपरिषदेचे बहुतेक निर्णय फिरवता येतात. पथदीपांचा ठेकेदार वर्षाने बदलता येतो, बाजार फीचा दर पुढच्या अंदाजपत्रकात सुधारता येतो, घंटागाडीचा मार्ग उद्याच बदलता येतो. विकलेली जमीन परत येत नाही, आणि खाडीच्या तोंडाशी असलेली जमीन तर कोणत्याही किमतीत पुन्हा निर्माण होत नाही. पाच वर्षांसाठी निवडून आलेल्या सभागृहाने पुढच्या सर्व सभागृहांचा हक्क संपवणारा निर्णय घ्यायचा असेल, तर त्याला साध्या बहुमतापेक्षा व्यापक संमती हवी, गैरहजर राहिलेल्यांचीही गणना त्यात व्हावी, आणि त्यावर शासनाची नजर पडावी, असा हा विचार आहे. उपस्थितांवर मोजणी केली तर सुट्टीच्या आदल्या दिवशी बोलावलेल्या, निम्मे बाक रिकामे असलेल्या सभेतही गावाची जमीन जाऊ शकेल.

ठरावाची अंमलबजावणी सुरू होण्यापूर्वीच होडीवाल्यांचा अर्ज आणि विरोधातील पाच सदस्यांचे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. त्याच अधिनियमाच्या कलम ३०८ प्रमाणे नगरपरिषदेचा ठराव बेकायदेशीर किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे असे मत झाल्यास जिल्हाधिकारी लेखी आदेशाने त्याची अंमलबजावणी निलंबित करू शकतात. अशा आदेशावर वरिष्ठ पातळीवर अंतिम निर्णय होण्यापूर्वी नगरपरिषदेला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते. येथे ठराव निलंबित झाला. म्हणणे मांडण्याची वेळ आली तेव्हा या जागेविषयी आपल्याच दप्तरात काय आहे, हे नगरपरिषदेने पहिल्यांदा उघडून पाहिले, आणि माझ्या मते प्रकरणाचा खरा अभ्यास तेथून सुरू होतो.

जानेवारीतील स्थळपाहणी

‘जागा रिकामी आहे’ हा निष्कर्ष ज्या पंचनाम्यावर आधारला होता तो जानेवारीतील होता. पंचनामा खोटा नव्हता. जानेवारीत किनाऱ्यावरची कोणतीही होडी पाण्यात असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते; बिगरयांत्रिक लहान होड्यांना ती बंदी लागू नसली तरी खवळलेल्या समुद्रात त्याही बाहेर पडू शकत नाहीत. मग होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या, त्यांची डागडुजी करायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात सोडायच्या, हा दरवर्षीचा क्रम आहे. या गावात खाडीरस्त्याच्या कडेला, पाण्यापासून जवळ पण उधाणाच्या रेषेच्या वर, होडी ओढता येईल असा उतार असलेली एवढी एकच सार्वजनिक जागा होती. वर्षातील चार महिने ती भरलेली आणि आठ महिने मोकळी दिसते. पाहणी करणारा कर्मचारी आठ महिन्यांपैकी एका दिवशी गेला.

होडीवाल्यांनी कधीही भाडे भरले नव्हते, कारण कधी कोणी मागितले नव्हते. आणि भाड्याची पावती नाही म्हणून दप्तराच्या दृष्टीने वापरही नाही, अशी ही साखळी होती. सार्वजनिक जागांचा असा हंगामी वापर कोकणात जागोजागी आहे. जत्रेची जागा वर्षातून दोन दिवस भरते, आठवडा बाजार आठवड्यातून एकदा, आणि दहीकाल्याचे पटांगण एका रात्रीपुरते. ज्या जागेचा वापर हंगामी आहे तिची पाहणीही त्या हंगामात झाली पाहिजे, किंवा निदान आसपासच्या लोकांचे जबाब तरी घेतले पाहिजेत, अशी सूचना प्रत्येक नगरपरिषदेच्या मालमत्ता विभागाला लेखी दिलेली असावी.

किंमत कशावरून ठरते

वार्षिक मूल्यदर तक्ते, ज्यांना सर्वजण रेडी रेकनर म्हणतात, ते मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतात. एखाद्या विशिष्ट जागेला बाजारात काय भाव मिळेल हे ते सांगत नाहीत. राम अँड श्याम कंपनी विरुद्ध हरियाणा राज्य या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक मालमत्तेची विल्हेवाट लावताना शक्य तेवढी उत्तम किंमत मिळवण्याचे बंधन शासनावर आहे हे स्पष्ट केले, आणि २०११ मध्ये अखिल भारतीय उपभोक्ता काँग्रेस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात जाहिरात न देता, इतरांना संधी न देता केवळ अर्जावरून सार्वजनिक जमीन देण्याची पद्धत अमान्य केली. ‘लगतच्या मालकालाच उपयोग आहे’ हे सभेतील उत्तर या निकालांसमोर उभे राहू शकत नाही. उपयोग कोणाला आहे हे बोली लावल्यावरच कळते.

त्यातही या जागेची अडचण वेगळी होती. ती सागरी किनारा नियमन क्षेत्रात (सीआरझेड) येते. नगरपरिषद हद्दीतील, आधीच विकसित झालेल्या किनारी भागाला सीआरझेड-२ म्हणतात, आणि तेथे नवी इमारत बांधायची तर ती अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या जमिनीकडील बाजूस, किंवा अस्तित्वात असलेल्या अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडील बाजूस असावी लागते. ही जागा रस्त्याच्या पाण्याकडील बाजूस आहे, म्हणजे पहिल्या कसोटीवर बांधकाम करता येत नाही. परंतु तिच्या आणि पाण्याच्या मध्ये नगरपरिषदेचे जुने गोदाम आहे. ते गोदाम १९ फेब्रुवारी १९९१ च्या पहिल्या सीआरझेड अधिसूचनेपूर्वीचे अधिकृत बांधकाम ठरले, तर दुसऱ्या कसोटीवर मोकळ्या जागेत बांधकामाचा दावा करता येतो. म्हणजे जागेची किंमत गाडी उभी करण्याच्या मैदानाएवढी आहे की हॉटेलच्या भूखंडाएवढी आहे, हे नगरपरिषदेच्या स्वतःच्या दप्तरातील एका जुन्या बांधकामाच्या कागदावर अवलंबून होते. त्यात भर म्हणजे खाडीकाठी नियमनाचे अंतर २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी कमी असलेले, तर २०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी कमी असलेले असे आहे, आणि २०१९ ची तरतूद त्या अधिसूचनेनुसार किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होते.

सभागृहापुढील टिपणीत यांपैकी एक ओळही नव्हती. अर्जदाराने मात्र हा अभ्यास केलेला असणार असे मानायला हरकत नाही. लाखो रुपये गुंतवणारा माणूस तो करतोच, आणि त्यात गैर काही नाही. विकणाऱ्याला जेवढे माहीत होते त्यापेक्षा विकत घेणाऱ्याला अधिक माहीत होते, आणि ती माहिती विकणाऱ्याच्याच कपाटात होती. मला या संपूर्ण प्रकरणातील ही सर्वांत चिंताजनक बाब वाटते. ते कागद शोधायला पुढे लिपिकाला आठवडा लागला. १९९१ पूर्वीच्या करआकारणी नोंदवहीत गोदामाची नोंद सापडली, बांधकाम परवानगीची मूळ प्रत सापडली नाही.

भूमी अभिलेख कार्यालयाच्या मालमत्ता पत्रकाशी मेळ घातल्यावर आणखी एक फरक समोर आला. नगरपरिषदेच्या स्थावर मालमत्ता नोंदवहीत ही जागा ‘बंदर पडीक’ म्हणून, क्षेत्रफळाच्या रकान्यात रिकामी रेघ ओढून नोंदवलेली होती. रस्ता रुंद झाला तेव्हा कमी झालेले क्षेत्र मालमत्ता पत्रकावर कमी झालेलेच नव्हते. म्हणजे १४ गुंठे हा आकडासुद्धा मोजणी केल्याशिवाय खात्रीचा म्हणता येत नव्हता, आणि किंमत मात्र त्यावरूनच काढली होती.

४६ लाख कोठून आले असते

निलंबनानंतरच्या विशेष सभेत विरोधातील सदस्यांना एक रास्त प्रश्न विचारला गेला : जागा विकायची नाही तर पाण्याच्या वाहिनीचे पैसे कोठून आणायचे? या प्रश्नाचे उत्तर न देता केवळ जमीन वाचवल्याचे समाधान मानणे हा दिवसाआड पाणी भरणाऱ्या घरांवर अन्याय झाला असता.

उत्तर नगरपरिषदेच्या नित्याच्या कामात होते. मुख्य बाजारपेठेत नगरपरिषदेचे ३८ गाळे आहेत. त्यांचे भाडे महिना ६०० रुपये, म्हणजे वर्षाला सर्व मिळून २ लाख ७३ हजार ६०० रुपये. कलम ९२ च्या तरतुदीनुसार नगरपरिषद आपली स्थावर मालमत्ता शासनाच्या मंजुरीशिवाय तीन वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने देऊ शकते, भाडेकरूला तेथे कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही, आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने नूतनीकरण केले तरी एकूण मुदत नऊ वर्षांच्या पुढे जाता येत नाही. या गाळ्यांपैकी बहुतेकांची मुदत केव्हाच संपली होती. कोणाचा करार नोंदणीकृत नव्हता, काही गाळे मूळ भाडेकरूने पोटभाड्याने दिले होते, आणि त्या पोटभाडेकरूंकडून घेतले जाणारे भाडे नगरपरिषदेला मिळणाऱ्या भाड्याच्या कितीतरी पट होते. शेजारच्या खासगी गाळ्यांच्या भाड्याशी तुलना करून महिना २,५०० रुपये हा संयत दर धरला, तर वार्षिक उत्पन्न ११ लाख ४० हजार रुपये होते. सध्याच्या उत्पन्नापेक्षा ते ८ लाख ६६ हजार रुपयांनी जास्त आहे, आणि पाच वर्षांच्या एका कार्यकाळात हा फरक ४३ लाखांच्या पुढे जातो. पाणीयोजनेतील तुटीएवढीच जवळपास ही रक्कम आहे, आणि ती दर पाच वर्षांनी पुन्हा मिळणारी आहे. जमीन एकदाच विकता येते.

घरपट्टीचेही तसेच होते. करयोग्य मूल्याची चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी करावयाची, फेरआकारणी वेळेवर झाली नव्हती. खाडीकाठी जुन्या घरांचे होम-स्टे आणि लॉजिंग झाले होते, पण करआकारणी नोंदवहीत ती निवासी घरेच होती. फेरआकारणी हा लोकप्रिय विषय नाही. गाळ्यांची भाडेवाढ तर त्याहून अप्रिय, कारण ३८ गाळेधारक म्हणजे ३८ कुटुंबे, त्यांचे नोकर, त्यांची मते, आणि सदस्यांचे त्यांच्याशी रोजचे उठणेबसणे. विक्रीच्या ठरावाने ओळखीचा कोणीही दुखावत नव्हता. होडीवाले संख्येने थोडे, गावाच्या टोकाला राहणारे, आणि सभागृहात त्यांच्यापैकी कोणी नव्हते. सदस्यांनी हे हेतुपूर्वक केले असे मला म्हणायचे नाही. पण नित्याची कामे वर्षानुवर्षे टाळली गेली म्हणजे त्यांचा भार शेवटी अशा ठिकाणी जाऊन पडतो जेथे प्रतिकार सर्वांत कमी असतो, आणि येथे तो बंदरावरच्या जागेवर पडला. म्हणून मी या प्रकरणाकडे विक्रीचे प्रकरण म्हणून जेवढे पाहतो तेवढेच भाडेवसुलीच्या रजिस्टरचे प्रकरण म्हणूनही पाहतो.

गाळ्यांच्या बाबतीत घाई करणेही चुकीचे ठरले असते, हे येथे नोंदवले पाहिजे. सर्व गाळे एकदम रिकामे करून लिलाव काढावा, अशी सूचना एका सदस्याने केली होती. चाळीस वर्षे त्याच जागी शिंपीकाम करणारा किंवा किराणा विकणारा माणूस आणि गाळा पोटभाड्याने देऊन मुंबईत राहणारा भाडेकरू यांना एकाच मापाने मोजणारा तो मार्ग होता. विशेष सभेने शेवटी पोटभाड्याचे गाळे आधी ताब्यात घेऊन त्यांचा जाहीर लिलाव करण्याचे, आणि स्वतः व्यवसाय करणाऱ्यांना सुधारित दराने, नोंदणीकृत करार करून, कायद्याच्या मुदतीत देण्याचे ठरवले. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार सक्तीची आहे, हे त्या वेळी अनेक गाळेधारकांना आणि काही सदस्यांनाही नवे होते.

विक्री कधीच करू नये काय

तसे कायदा म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. रस्ता सरळ करताना उरलेला, कोणाच्याही उपयोगाचा नसलेला त्रिकोणी तुकडा लगतच्या मालकाला रीतसर देणे नगरपरिषदेच्या हिताचे असू शकते. परंतु सार्वजनिक वापराच्या जागेची कसोटी वेगळी आहे. लखनौच्या अमीनाबाद भागातील झंडेवाला पार्कखाली महापालिकेने निविदा न काढता एका बांधकाम कंपनीला भूमिगत बाजारसंकुल बांधू दिले होते; १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बांधकाम पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला, आणि अशा जागेची महापालिका ही लोकांच्या वतीने विश्वस्त आहे, हे तत्त्व त्या निकालात आधारभूत धरले. बांधकाम बरेच झाले आहे, पैसा गुंतला आहे, हा बचाव तेथे चालला नाही. बंदरावरच्या जागेचा व्यवहार पूर्ण होऊन बांधकाम उभे राहिले असते आणि त्यानंतर प्रकरण न्यायालयात गेले असते, तर नगरपरिषद, विकत घेणारा आणि होडीवाले हे तिघेही वर्षानुवर्षे अडकले असते. त्या दृष्टीने कलम ३०८ चा आदेश अर्जदाराच्याही हिताचा ठरला.

या नगरपरिषदेने पुढे काय केले ते थोडक्यात सांगतो. विशेष सभेत विक्रीचा ठराव रद्द करण्यात आला. रद्द करण्याचा हा निर्णय १५ विरुद्ध ४ मतांनी झाला. जागेची मोजणी मागवण्यात आली. जून ते सप्टेंबर या काळात होड्या ठेवण्यासाठी ती राखीव ठेवावी, प्रति होडी नाममात्र शुल्क घेऊन पावती द्यावी, म्हणजे वापराची नोंद राहील, असे ठरले. उरलेल्या आठ महिन्यांत पर्यटकांच्या गाड्यांसाठी सशुल्क वाहनतळ चालवण्याचा ठेका जाहीर निविदेने द्यावा, आणि त्या निविदेत लॉजिंगच्या मालकालाही इतरांप्रमाणे भाग घेता यावा, असाही निर्णय झाला. विषयपत्रिकेच्या बाबतीत, जमिनीच्या कोणत्याही हस्तांतराचा विषय सर्वसाधारण विषयांच्या ओळीत न घेता स्वतंत्र विशेष सभेतच घ्यावा, मथळ्यात सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि व्यवहाराचा प्रकार स्पष्ट लिहावा, आणि माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार स्वतःहून जाहीर करावयाच्या माहितीत स्थावर मालमत्तेची संपूर्ण यादी कार्यालयाबाहेरील फलकावर लावावी, असा ठराव सर्वानुमते संमत झाला. ही यादी लावल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात नागरिकांनी नोंदवहीत नसलेल्या दोन जागा दाखवून दिल्या : एक पडकी विहीर आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा, आणि शाळेमागचा एक पट्टा.

पाण्याची वाहिनी त्या वर्षी बदलली गेली नाही. स्वहिश्श्याची रक्कम गाळ्यांच्या वाढीव भाड्यातून आणि थकीत घरपट्टीच्या वसुलीतून तीन हप्त्यांत भरण्याचा प्रस्ताव शासनाकडे गेला, आणि त्यामुळे काम एक उन्हाळा पुढे ढकलले गेले. वरच्या आळीतील दोन वॉर्डांना त्या उन्हाळ्यात टँकरचे पाणी घ्यावे लागले. ज्यांनी विक्रीच्या विरोधात मत दिले त्यांच्यापैकी एक सदस्य याच वॉर्डांतील होते, आणि त्यांना घरोघरी जाऊन या निर्णयाचे कारण सांगावे लागले. पोटभाड्याच्या गाळ्यांपैकी सहा गाळेधारकांनी न्यायालयात दावे दाखल केले असून ते प्रलंबित आहेत. गोदामाच्या १९९१ पूर्वीच्या बांधकाम परवानगीचा शोध अभिलेख कक्षात अजून चालू आहे, कारण ती प्रत सापडली तर जागेचे मूल्य बदलते, आणि पुढच्या एखाद्या सभागृहापुढे पुन्हा अर्ज येईल तेव्हा ती टिपणीसोबत जोडलेली असणे आवश्यक आहे.